हळदीआधी दांडी

प्रति,
मा. आयुक्त,
पशुसंवर्धन विभाग, महाराष्ट्र राज्य,
औंध, पुणे.



लाळ्या-खुरकूत, लम्पी, बर्ड फ्लू, चाराटंचाई असल्या फायलींच्या ढिगात पाळीव पक्ष्याच्या तळपायाला आलेल्या गाठीची दखल कोण घेणार, हे कळतं. तरी लिहितो आहे. हा आजार साधा आहे आणि वेळेवर दिसला तर घरच्या घरी आवरतो. पण त्यावरचे उपाय मात्र दिवसेंदिवस अघोरी होत चालले आहेत. यातला कुठला उपाय बरा, कुठला निरुपयोगी आणि कुठला जिवावरचा, हे निवडून सांगणारा सरकारी कागद आमच्या भागात अजून कुणाच्या हाती पडलेला नाही. तो आपण काढावा, एवढ्यासाठी हे पत्र. आणि खुलं अशासाठी, की तो येईपर्यंत निदान चार पक्षिपालकांच्या वाचनात हे यावं.

ओझर आपल्याला विमानांमुळे ठाऊक असेल. १९६४ मध्ये इथे मिगचा कारखाना आला. माझं निम्मं आयुष्य त्याच आवारात गेलं. टाउनशिपच्या गॅलऱ्यांतून बजरीगर, लव्हबर्ड, कॉकटिएल टांगलेले दिसतात. गावठाणात डालग्याखाली गावठी कोंबड्या, एखाद्या दारात पायाला दोरी बांधलेला असील कोंबडा, गच्चीवर कबुतरांची पेटी. गावाबाहेर पडलं की द्राक्षबागांच्या कडेला ब्रॉयलरच्या लांबलचक शेड. तिन्ही ठिकाणची माणसं एकमेकांशी फारशी बोलत नाहीत, पण पक्षी लंगडायला लागला की तिघंही पहिल्यांदा हळदीच्या डब्याकडेच वळतात.

इंग्रजीत या आजाराला बंबलफूट म्हणतात. आमच्याकडे कुणी ‘तळव्याला कुरूप झालं’ म्हणतं, कुणी ‘पाय धरला’. पक्षी टॉवेलात सैल गुंडाळून घ्यावा, छाती न आवळता, कारण श्वास घेताना त्याची छाती हलावी लागते. आणि पंजा उजेडात उलटा करून बघावा. निरोगी तळव्यावर बारीक दाणेदार उंचवटे असतात, बोट फिरवलं तर खरखर लागते. आजाराची पहिली खूण म्हणजे हे उंचवटे झिजतात. तेवढीच जागा सपाट, गुलाबी, चकचकीत दिसते. जखम नाही, सूज नाही, पक्षी लंगडतही नाही. खरं तर याच वेळी काही करायचं असतं आणि नेमकं याच वेळी कुणी बघत नाही. पुढे त्या जागी टणक काळपट खपली धरते, खपलीखाली जंतू शिरतात (बहुधा स्टॅफिलोकॉकस, जो आपल्या कातडीवरही असतोच), पंजा फुगतो, आणि अगदी टोकाला गेलं तर कंडरा आणि हाडापर्यंत पोचतं. पक्षी हातात येत नसेल तर त्याला पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात क्षणभर उभं करून खालून मोबाईलने फोटो काढावा. दोन्ही तळवे स्वच्छ दिसतात आणि पुढच्या महिन्याच्या फोटोशी ताडून बघता येतात. कारखान्यात तपासणी विभागात काम केलेल्या माणसाला ही सवय सुटत नाही: भाग तुटल्यावर बघायचा नसतो, झिजायला लागल्यावर बघायचा.

आता उपायांकडे येतो. जे ऐकलं आणि पाहिलं तेच लिहितो.

सगळ्यांत जुना उपाय पोटिसाचा. कणकेचं किंवा जवसाचं गरम पोटीस बांधायचं, गळू पिकवायचं आणि फोडायचं. माणसाला, बैलाला हे चालतं. पक्ष्याला चालत नाही, आणि का चालत नाही हे समजलं की निम्मे उपाय आपोआप गळून पडतात. पक्ष्याचा पू पातळ होतच नाही. आपल्या पांढऱ्या पेशींत पू विरघळवून पातळ करणारी जी रसायनं असतात ती पक्ष्यांच्या पेशींत पुरेशी नसतात. त्यामुळे आत घट्ट, कोरडा, पिवळसर गोळा तयार होतो आणि तो तसाच बसून राहतो. कितीही पोटिसं बांधा, तो वाहून येणार नाही. उलट उबेने आणि ओलीने वरची कातडी मऊ पडून आणखी फाटते. हाच गोळा पुढे लोक ब्लेडने कोरून काढतात. मोबाईलवर त्याचे व्हिडिओ मिळतात, गाणं लावून. एका बजरीगरचं वजन तीसेक ग्रॅम. अंगातलं रक्त वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकं, म्हणजे सगळं मिळून तीन मिलिलिटरच्या आसपास. चहाचा चमचादेखील भरत नाही. त्यातले किती थेंब सांडले तर चालतील याचा हिशेब ब्लेड हातात घेणाऱ्याने आधी करावा. भूल नसताना होणाऱ्या वेदनेबद्दल तर बोलायलाच नको.

दुसरा लेपांचा वर्ग. आंबेहळद, रक्तचंदन, हळद आणि तुरटी. हळदीत जंतूंना आवर घालणारे आणि सूज उतरवणारे गुण आहेत, प्रयोगशाळेत ते दिसलेले आहेत, त्यामुळे हळदीला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण पायाला हळद लावली की तळवा पिवळाधमक होतो आणि ज्या गुलाबी डागावर लक्ष ठेवायचं तोच झाकला जातो. पुढे डॉक्टरकडे नेला तरी त्यांना लाली दिसत नाही. शिवाय लेप वाळून तडकतो तेव्हा खालची पातळ कातडी ओढतो. हळद-चुन्याचा लेप तर नकोच. मुरगळलेल्या घोट्यावर आपण जो चुना सहन करतो तो पक्ष्याची कातडी भाजतो.

तिसरा वर्ग पानांचा आणि चिकांचा, आणि हा मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो. रुईचं पान तेल लावून तव्यावर गरम करायचं आणि सुजेवर बांधायचं, हे आपल्या आजीच्या हातचं औषध. माणूस बांधलेलं पान खात नाही. पोपट मात्र पायाला बांधलेली कुठलीही वस्तू पहिल्या पाच मिनिटांत चोचीने सोडवतो. रुईचा चीक पोटात गेला तर हृदयावर परिणाम करतो. एरंडाचं पानही विषारी. आणि बिब्बा. तळव्याची गाठ कुरूपासारखी दिसते, कुरुपाला बिब्ब्याचा चटका देतात, म्हणून पक्ष्यालाही देतात. बिब्ब्याचं तेल माणसाच्या जाड टाचेवरही फोड आणतं.

कोंबड्यांमध्ये आणखी एक घोटाळा होतो. पायाचे खवले उभे राहतात, खाली पांढरा भुसा साचतो, पाय जाडजूड आणि ओबडधोबड दिसतात. हे कुरूपही नव्हे आणि गाठही नव्हे. खवल्याखाली राहणाऱ्या अतिसूक्ष्म गोचिडीसारख्या किड्याचं काम आहे. यावर गावोगाव रॉकेलमध्ये पाय बुडवतात. किडा मरतो, पायही सोलतो, आणि कोंबडी पाय चोचीने साफ करते तेव्हा रॉकेल पोटात जातं. इथे मात्र घरातला साधा उपाय खरोखर उपयोगाचा आहे: कोमट पाण्यात पाय भिजवून मऊ झालेला भुसा हलक्या हाताने काढायचा आणि व्हॅसलीन किंवा खोबरेल तेलाचा पातळ हात खवल्यांवर काही आठवडे देत राहायचा. किडा गुदमरतो. तेल पिसांना लागू द्यायचं नाही, एवढंच पथ्य. तेलकट पिसं ऊब धरत नाहीत. प्रकरण वाढलेलं असेल तर डॉक्टर देतात ते थेंब आहेतच.

मोरचूदाबद्दल दोन ओळी. शेळ्या-मेंढ्यांचे खूर सडले की मोरचूदाच्या पाण्यातून चालवतात, हे आपल्या खात्यानेही वर्षानुवर्षं सांगितलं आहे. आमच्या भागात द्राक्षबागेमुळे मोरचूद घरात पडलेलाच असतो. कोंबडीला त्या पाण्यात उभं केलं की ती ते पिते. एवढं तांबं तिला विष आहे. तसंच मॅग्नेशियम सल्फेटचं. पाय शेकायला ते कोमट पाण्यात घालतात, योग्यच आहे, सूज थोडी उतरते. पण कृषी सेवा केंद्रातलं बागेसाठीचं पोतं आणि औषधाच्या दुकानातली पुडी यांत शुद्धतेचा फरक असतो, आणि शेकाचं पाणी पक्ष्याला पिऊ द्यायचं नसतं, कारण ते जुलाबाचं औषध आहे.

मध आणि कोरफड या दोघांच्या बाजूने मी बोलेन. स्वच्छ केलेल्या उघड्या जखमेवर मधाचा पातळ थर आणि वर कोरडी पट्टी, हे जखमांच्या शास्त्रातही मान्य आहे. मध पाणी शोषून घेतो आणि जंतूंना वाढू देत नाही. कोरफडीचा आतला स्वच्छ गर थंडावा देतो. मात्र पान कापल्यावर निथळणारा पिवळा चीक पूर्ण धुऊन टाकायला हवा, तो रेचक आहे. टी ट्रीचं तेल, कापराचं तेल, असली बाटलीतली उग्र तेलं पक्ष्याच्या आसपासही नकोत. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांनी अपाय होत नाही, पण त्या देत देत आठवडे जातात आणि गाठ हाडाकडे सरकत राहते. तो अपाय मी छोटा मानत नाही.

‘इंग्रजी औषध’ म्हणजे सुरक्षित, असंही मी म्हणत नाही. घरात पडलेली खाजेची ट्यूब, ज्यात स्टेरॉइड असतं, ती पक्ष्याच्या पायाला चोपडली तर कातडीतून अंगात भिनते आणि त्याची प्रतिकारशक्तीच खाली बसवते. झिंक असलेली मलमं चाटली गेली तर विष. आणि डायक्लोफिनॅकची कहाणी तर नाशिककरांना सांगायला नको. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं अजून दिसतात म्हणून आपण कौतुकाने वर बघतो. देशभरातली बाकीची कुठे गेली? गाईगुरांच्या दुखण्यावर सर्रास टोचलं जाणारं हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन ती मेली, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅकवर. पण माणसांच्या गुडघेदुखीची डायक्लोफिनॅकची जेल आजही घरोघरी आहे आणि लंगडणाऱ्या कोंबडीला ती चोळणारा महाभाग मी पाहिला आहे. त्याला गिधाडांची हकिकत ठाऊक होती. गिधाड वेगळं आणि कोंबडी वेगळी, असं त्याचं म्हणणं. आपल्या डॉक्टरांना विचारावं, कोंबडीची मूत्रपिंडंही त्या औषधाने बिघडतात. गंमत अशी की मूत्रपिंडं बिघडली की पक्ष्याच्या पायाच्या सांध्यांत पांढऱ्या गाठी येतात. म्हणजे ज्या गाठीवर जेल चोळली ती मुळात मूत्रपिंडाच्याच आजाराची असू शकते.

तेव्हा देशी आणि विलायती असा हा झगडा नाही. गाईला जे चालतं आणि माणसाला जे मानवतं ते पक्ष्याच्या अंगाला विचारून बघावं लागतं, आणि ते विचारून सांगणारा माणूस ओझरमध्ये सहजी सापडत नाही. १९६२ हा मदत क्रमांक फिरवला की फिरतं पथक येतं, ते गाई-म्हशींच्या अडचणीला. सरकारी दवाखान्यात डॉक्टर असतात, पण सगळे गाई-म्हशींत गळ्यापर्यंत बुडालेले. पन्नासेक ग्रॅमचा लव्हबर्ड घेऊन तिथे रांगेत उभं राहिलेल्या बाईकडे बाकीचे कसे बघतात ते मी बघितलं आहे. डॉक्टर चांगले होते, तपासलंही त्यांनी, पण ‘पक्ष्यांचं फारसं बघितलेलं नाही’ हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पुढचा रस्ता नाशिक, नाहीतर थेट मुंबईत परळ. तिथे एकोणिसाव्या शतकापासून बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय उभं आहे, शेजारी मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तीनशे रुपयांच्या पक्ष्यासाठी परळ कोण गाठतो? मग माणूस घरातल्या डब्यांकडे वळतो. त्याला अडाणी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

दुसरं असं, की पर्यायी उपचार हा शब्द सरकारला वर्ज्य नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कासदाहावर कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप सांगतं. लाळ्या-खुरकुतात जनावराच्या पायाच्या जखमांवर खोकलीचा पाला, लसूण, कडुलिंब, तुळस, मेंदी, हळद तेलात उकळून लावायला सांगतं. प्रतिजैविकांचा मारा कमी व्हावा हा त्यामागचा हेतू, आणि तो बरोबर आहे. कोंबड्यांच्या पाण्यात ऊठसूट प्रतिजैविकं ओतण्याचे परिणाम आपण जाणता. जनावरांना आणि कोंबड्यांना कोलिस्टिन हे प्रतिजैविक देण्यावर २०१९ मध्ये बंदी घालावी लागली ती उगीच नाही. पुण्याच्या अंथ्रा संस्थेतल्या पशुवैद्यक स्त्रियांनी महाराष्ट्रातल्या पशुपालकांची पाल्यामुळ्यांची माहिती गोळा केली, तपासली, लिहून काढली. गाईच्या खुरासाठी जे काम झालं तेच पक्ष्याच्या पंजासाठी व्हावं, एवढंच मागणं आहे. नाहीतर लोक गाईचा लेप पक्ष्याला लावणार, आणि लावतातच.

पण खरं सांगायचं तर औषधांवर एवढा कागद खर्च करताना मला थोडी लाजच वाटते, कारण पायाचं मुख्य औषध पायाखाली असतं. दुकानातून पिंजरा आणला की आत गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दोन दांड्या असतात, दोन्ही सारख्याच जाडीच्या. पक्षी दिवसरात्र त्याच दांडीवर, तळव्याच्या त्याच ठिकाणी भार देऊन उभा राहतो. झोपतोही उभाच. त्या ठिकाणचं रक्त दाबलं जातं आणि कातडी मरते. काही दुकानदार नखं घासली जावीत म्हणून वाळूच्या कागदाचं वेष्टण विकतात. ते नखं राहू देतं आणि तळवा सोलतं. पेरूची, बाभळीची (काटे काढून), कडुलिंबाची फांदी कापावी, कुठे करंगळीएवढी आणि कुठे अंगठ्याएवढी, सालीसकट, वेडीवाकडी. पक्ष्याची बोटं फांदीला अर्ध्याहून जास्त वेढतील पण नखं एकमेकांना टेकणार नाहीत, अशी जाडी मुख्य दांडीची. बाकीच्या लहानमोठ्या चालतील. आमच्याकडे छाटणीनंतर द्राक्षाची लाकडं फुकट मिळतात आणि ती वळणावळणाची म्हणून पक्ष्यांना आवडतात. पण बागेत वर्षभर काय काय फवारलेलं असतं ते बागाईतदारालाच ठाऊक. बांधावरचा पेरू बरा.

कोंबडीला गोल दांडी नकोच. चपटी, रुंद, कडा घासलेली फळी, आणि तीही जमिनीपासून फार उंच नको. भारी कोंबडा उंच माळ्यावरून रोज सकाळी कडक जमिनीवर उडी मारतो आणि तळवा तिथेच फुटतो. ब्रॉयलरच्या शेडमध्ये तर दांडीचा प्रश्नच नाही, तिथे सगळं जमिनीवर अंथरलेल्या तुसावर अवलंबून. निफाडचा पारा थंडीत किती खाली जातो हे दरवर्षी वर्तमानपत्रात येतं. त्या दिवसांत पडदे बंद, हवा कोंडलेली, निपलमधून गळणारं पाणी, तूस ओलं, अमोनिया डोळ्यांत झोंबणारा. पिल्लांच्या तळव्यावर काळे चट्टे पडतात. काही जण ओल्या तुसावर चुना मारतात आणि चट्ट्यांत भर घालतात. तूस रोज हलवणं, गळणारे निपल बदलणं, दुपारी पडदा थोडा सोडणं याला पर्याय नाही. खाद्यात बायोटिन कमी पडलं तरी तळवे फाटतात, तेव्हा खाद्याच्या पोत्यावर काय लिहिलंय ते वाचावं.

आणि आहार. फक्त सूर्यफुलाच्या बिया खाऊन पोपट लठ्ठ होतो आणि अ जीवनसत्त्वाला मुकतो. मग कातडी जाड, कोरडी, तडकणारी होते आणि जंतूंना दार मिळतं. गाजर, लाल भोपळा, उकडलेलं रताळं, शेवग्याचा पाला, कोथिंबीर हे आपल्या बाजारात बारा महिने आहे. लाल मिरचीसुद्धा, पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवतच नाही. माझ्या मते तळव्याच्या आजारावर भोपळ्याची फोड कुठल्याही लेपापेक्षा जास्त काम करते. जीवनसत्त्वाचे थेंब मात्र अंदाजाने टाकू नयेत, त्याचाही अतिरेक होतो.

हे फक्त गॅलरीतल्या पिंजऱ्याचं आहे असं समजू नका. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांमध्ये रोहित पक्ष्यांचे, म्हणजे आपल्या फ्लेमिंगोंचे, तळवे तपासले तेव्हा जवळपास सगळ्याच प्रौढ पक्ष्यांच्या पायावर भेगा किंवा गाठी सापडल्या. सिमेंटचं तळं हे एक मोठं कारण; बारीक वाळू घातली की फरक पडतो. आमच्यापासून फार लांब नसलेल्या नांदूरमध्यमेश्वरला हेच पक्षी चिखलात उभे असतात. २०१६ मध्ये सोलहून भायखळ्याच्या राणीच्या बागेत हम्बोल्ट पेंग्विन आले, तेव्हा गारव्याची आणि खर्चाची चर्चा झाली. पण पाळलेल्या पेंग्विनचा जगभरचा जुना आजार हाच आहे, तळव्याची गाठ. पोहायचं सोडून कडक जमिनीवर उभा राहिलेला पेंग्विन आणि प्लॅस्टिकच्या दांडीवरचा बजरीगर यांचं दुखणं एकच.

गाठ आलीच असेल तर तळव्यावरचा भार उतरवावा लागतो, आणि यासाठी डॉक्टर जी पट्टी करतात ती आपल्या ओळखीची आहे. डोक्यावर हंडा घेताना बायका जशी कापडाची चुंबळ ठेवतात तशीच छोटी, मधे भोक असलेली गादी पंजाखाली बांधतात. गाठ भोकात येते आणि भार कडेच्या निरोगी कातडीवर जातो. ही चुंबळ बांधायला शिकवणारी पाच मिनिटांची चित्रफीत आपल्या खात्याने काढली तर गाणं लावलेल्या ब्लेडच्या व्हिडिओंना थोडा तरी उतारा मिळेल. सोबत पिंजऱ्याच्या जाळीवर रद्दी अंथरा, रोज बदला, हेही सांगावं. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम, जे गिधाडांनाही सुरक्षित ठरलं, डॉक्टरांनी मोजून दिलेल्या मात्रेत. आणि लंगडणं दिसलं म्हणजे तळवाच असेल असं नाही, हेही. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून बसलेली कोंबडी मरेक्स या आजाराची असू शकते. तिच्या तळव्याला मध लावून उपयोग नाही, तिच्या पुढच्या पिढीला पहिल्याच दिवशी लस हवी. संक्रांतीनंतर लंगडणाऱ्या कबुतराच्या बोटांत आधी मांजा शोधावा. येवल्याचे पतंग जिल्ह्याचं भूषण असतील, पण बोटाला बसलेला नायलॉनचा फास काही दिवसांत बोट झडवतो.

एक अवघड गोष्ट राहिली, ती सांगतो. आपल्याकडचा हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तरी गावागावांत तो आहे, दारामागे, कुलपाआड, ‘मिठू’ म्हणून. काही परदेशी पक्ष्यांसाठी २०२४ मध्ये ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीचे नियम आले, तेही किती जणांपर्यंत पोचले देव जाणे. देशी पोपटाचा पाय सडतो तेव्हा मालक दवाखान्यात येत नाही, कारण प्रश्न विचारले जातील. तो बिब्बा लावतो. मला पोपट पाळणाऱ्यांची बाजू घ्यायची नाही. तो पक्षी झाडावरच हवा. पण सडलेल्या पायाचा पोपट कायद्याच्या भीतीने घरातच मरतो, यात कायद्याचं तरी काय साधतं? वनविभागाशी बोलून असं एखादं परिपत्रक काढता येईल का, की आणलेल्या पक्ष्यावर आधी उपचार होतील आणि मग तो वनविभागाकडे सोपवला जाईल, आणून देणाऱ्याला गुन्हेगार न ठरवता? नाशिकमध्ये म्हसरूळला वनविभागाचं उपचार केंद्र आहेच.

कागद काढणं आपल्या खात्याला जड नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला तेव्हा आपली माणसं पांढरे अंगरखे घालून घराघरांत गेली, परसातल्या चार कोंबड्यांपर्यंत पोचली. कोंबड्या मारण्यासाठी जे पोचू शकतं ते पाय वाचवण्यासाठीही पोचू शकतं. हवा आहे एक पाठपोट कागद. एका बाजूला तळव्याचे तीन फोटो: निरोगी, गुलाबी आणि खपली धरलेला. दुसऱ्या बाजूला ठळक अक्षरात काय लावू नये: रुई, बिब्बा, चुना, रॉकेल, मोरचूद, स्टेरॉइडची ट्यूब, गुडघ्याची जेल. त्याखाली दांडी, तूस आणि भोपळा. शेवटी, कुठल्या खुणेनंतर घरचे उपाय थांबवून डॉक्टर गाठायचे: पाय टेकत नाही, पंजा गरम लागतो, पक्षी पिसं फुगवून कोपऱ्यात बसतो, खाणं सोडतो. आणि पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या मदतीने जिल्ह्यातल्या दोन-चार डॉक्टरांना पक्ष्यांचं जुजबी प्रशिक्षण द्यावं, त्यांची नावं त्याच कागदावर छापावीत. पाळीव प्राण्यांच्या दुकानांची नोंदणी २०१८ च्या नियमांनी बंधनकारक आहे. ती करताना वाळूच्या वेष्टणाची विक्री थांबवायला सांगितलं तर एक पैसाही खर्च होणार नाही.

मजकूर खात्याचा असावा, डॉक्टरांनी तपासलेला असावा. छपाईसाठी निधी नसेल तर तसं कळवावं. आठवडे बाजारात कोंबड्यांच्या ओळीत, खंडोबाच्या यात्रेत आणि टाउनशिपच्या सूचनाफलकांवर तो लावण्याचं काम ओझरकर करतील. चंपाषष्ठीच्या आत मिळाला तर बरं, कारण त्यानंतर थंडी वाढते आणि शेडचे पडदे बंद होतात.

कळावे,

आपला,
ओझर (मिग), ता. निफाड, जि. नाशिक येथील एक पक्षिपालक